रिकाम्या हातांचा वारसा



घोड, मीना आणि कुकडी यांच्या खोऱ्यांतील गावोगावांहून आपण येथे जमला आहात आणि या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मजकडे सोपविले आहे, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. अध्यक्षाने साहित्याच्या स्वरूपाविषयी बोलावे असा प्रघात असला, तरी आज मी एका पोलिसाविषयी बोलणार आहे. कारण त्याचे मराठी साहित्यावर ऋण आहे आणि ते अद्याप फिटलेले नाही, अशी माझी धारणा आहे.

त्याच्याकडे जाण्याची वाट आपल्याच महाळुंगे पडवळ गावातून निघते. आंबेगाव तालुक्यातील या गावचा बाबू गेनू मुंबईच्या गिरणीत कामास गेला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी, परदेशी कापडाने भरलेली मालमोटार पोलिसांच्या बंदोबस्तात काळबादेवीच्या रस्त्याने निघाली असता, तिच्यापुढे आडवा होऊन त्याने ऐन तारुण्यात प्राण वेचले. त्या दिवशी पोलिसाचा गणवेश मालमोटारीच्या बाजूस होता. कायदा परक्याचा होता, हुकूम परक्याचा होता. आणि त्या हुकुमाची ताबेदारी करणारा शिपाई पुष्कळदा आपल्याच मुलखातला असे, हे त्या काळाचे खरे दुःख होते.

या घटनेस अठ्ठ्याहत्तर वर्षे होत आली असता, काळबादेवीपासून कोसभराच्या आतच, गिरगाव चौपाटीवर दुसरा एक खेडूत मृत्यूसमोर उभा राहिला. तुकाराम गोपाळ ओंबळे हे सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. सैन्यातील नोकरी संपवून ते १९९१ मध्ये मुंबईच्या पोलीस दलात दाखल झाले आणि सहायक फौजदाराच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. ज्या जुन्नरात १४९० मध्ये निजामशाहीचा पाया घातला गेला आणि पुढे मोगलांचा अंमल बसला, त्या जुन्नरास ‘फौजदार’ या शब्दातील जरब नव्याने सांगावयास नको. परंतु मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८ ची मध्यरात्र उलटल्यावर चौपाटीच्या नाकाबंदीवर उभ्या असलेल्या या फौजदाराच्या हाती केवळ एक लाठी होती. पळवून आणलेली मोटार अडविली गेली, गोळीबारात एक दहशतवादी मारला गेला, आणि दुसऱ्याने, अजमल कसाबने, बंदूक रोखली तेव्हा ओंबळे यांनी पुढे होऊन तिची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या देहात शिरल्या, परंतु पकड सुटली नाही. आणि तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी आरोपीस जिवंत ताब्यात घेतले.

सज्जनहो, ‘जिवंत’ या एका शब्दावर आपण क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. शत्रूचा निःपात झाला म्हणजे सैनिकाचे कर्तव्य पूर्ण होते. पोलिसाचे कर्तव्य मात्र आरोपी न्यायासनासमोर उभा राहीपर्यंत पूर्ण होत नाही. १६६ माणसांचे बळी घेणाऱ्या त्या कटाचा एक हस्तक जिवंत सापडला, म्हणूनच त्या कटाची पाळेमुळे उभ्या जगासमोर उघडी पडली. आरोपीस वकील मिळाला, साक्षीपुरावे झाले, मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा फर्मावली, उच्च व सर्वोच्च न्यायालयांनी ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. क्रोधाने पेटलेल्या देशाने सूडाचा मार्ग न धरता चार वर्षे न्यायाची वाट चालली, आणि ती वाट एका निःशस्त्र माणसाच्या पकडीने मोकळी केली होती. त्याच रात्री धारातीर्थी पडलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासमवेत ओंबळे यांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र अर्पण झाले. पुढे २०२१ मध्ये संशोधकांनी कोळ्याच्या एका नव्या जातीस ‘इसियस तुकारामी’ असे नाव देऊन शास्त्राच्या दप्तरातही त्यांची नोंद केली.

बाबू गेनूने अन्यायी कायद्यासमोर देह टाकला आणि ओंबळे यांनी न्याय्य कायद्यासाठी तो दिला. दोघेही सह्याद्रीच्या कुशीतले, दोघांचेही हात रिकामे. या दोन मरणांच्या मधल्या काळात हा देश प्रजेचा झाला, आणि पोलिसाचा गणवेश मालमोटारीच्या बाजूकडून रस्त्यावरच्या माणसाच्या बाजूस आला. तो सदैव त्याच बाजूस राहावा, ही अपेक्षा बाळगण्याचा आणि तो ढळल्यास निर्भयपणे बोलण्याचा अधिकार ओंबळे यांच्या बलिदानानेच आपणांस दिला आहे.

दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी, लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे १९५९ मध्ये चिनी गोळीबारात पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ, पोलीस मैदानांवर त्या वर्षीच्या हुतात्म्यांची नावे वाचली जातात. नावापलीकडचा माणूस मात्र ठाण्याच्या रोजनाम्यात, पंचनाम्यात आणि जबान्यांत कोरड्या शब्दांनी पडून असतो. तरुण लेखकांनो, ती दप्तरे उघडा. त्यांच्या घरच्या माणसांपाशी बसा. गावाकडे लिहिलेली पत्रे, न मिळालेली रजा, अर्धे बांधलेले घर हे सारे लिहून ठेवा. महाळुंगे पडवळच्या त्या मुलाची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. तिच्या शेजारी केडंब्याच्या या फौजदाराची कथाही सांगितली जावी, एवढेच मागणे आपल्यापाशी करून मी आपली रजा घेतो.