वही दहा घरांसमोर वाचा
(पिंपळनेर येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



भावाबद्दल बोलायला इथे बरेच जण उभे राहतील, आणि त्यांनी बोलावंच. आम्ही आज वहीबद्दल बोलणार आहोत. गेल्या खरिपाचा खर्च ज्यांनी लिहून ठेवला आहे त्यांनी हात वर करा, असं म्हटलं तर किती हात वर येतील याचा आम्हाला अंदाज आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात दोन हात वर आले होते. त्या दोघांच्याही वह्या चुकलेल्या होत्या, हे पुढे कळलं.

आम्ही साक्री तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातली दहा घरं. कापूस, ज्वारी, थोडी बाजरी, मधे तुरीच्या ओळी. लाटीपाड्याच्या धरणाचं पाणी ज्यांच्या शिवारात येतं त्यांच्यात आम्ही नाही. आम्ही असं ठरवलं की प्रत्येक घराने वही ठेवायची आणि वर्षातून दोनदा ती बाकीच्या नऊ घरांसमोर मोठ्याने वाचायची. ऐकणाऱ्यांनी चुका काढायच्या. याला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. चहा ज्याच्या घरी बसू त्याचा.

कोणी म्हणेल, हिशेब तपासायला जाणकार लागतो. लागतोच. पण कापूस वेचणीचा जाणकार कोण? साहेब? वेचणीला बायांची टोळी घेऊन जाणारी जी बाई आहे, तिला विचारा. पहिल्या वेचणीला एक बाई दिवसाला किती किलो वेचते, तिसऱ्या वेचणीला किती, कवडी कापूस किती निघतो, हे तिला पाठ आहे. बैलांच्या खाण्याचा जाणकार आमच्यातला एक म्हातारा आहे, ज्याला सही करता येत नाही. व्याजाचा जाणकार म्हणजे सोसायटीत गटसचिव म्हणून नोकरी करून घरी बसलेले आमचे आप्पा. सगळं कळणारा एक माणूस गावात नाही आणि तालुक्यालाही नाही. पण एकेक गोष्ट पक्की कळणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांना एका ओट्यावर बसवायचं आणि वही त्यांच्यातून फिरवायची, एवढाच आमचा उद्योग.

एक वही सांगतो. आमच्यातला एक भाऊ, आठ एकरवाला. पाच एकर कापूस, तीन एकर ज्वारी. २०२४ च्या खरिपाचा हिशेब त्याने नीट लिहिला होता, अक्षरही चांगलं. त्याच्या वहीप्रमाणे एकरी ज्वारीचा खर्च १५,००० रुपये, पाच क्विंटल ज्वारी २,६०० ने गेली, आले १३,०००. म्हणजे २,००० चा तोटा. कापसाला एकरी खर्च २४,०००, पाच क्विंटल कापूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला ७,००० ने दिला, आले ३५,०००. म्हणजे ११,००० चा नफा. त्याने ठरवूनच टाकलं होतं की ज्वारी बंद, आठही एकर कापूस. बियाण्याची पाकिटं दुकानात सांगून ठेवली होती, उधारीवर. त्या दिवशी वही वाचली ती आमची परवानगी घ्यायला नव्हे, आम्हाला दाखवायला.

वही वाचून झाली आणि तो म्हातारा अहिराणीत म्हणाला, ‘‘हाऊ हिशोब खोटा शे.’’ भाऊ चिडला. म्हातारा म्हणाला, कडबा कुठे आहे? एकरी चारशे पेंढ्या निघाल्या, त्या काय उडून गेल्या? भाऊ म्हणाला, तो तर घरच्या बैलांनी खाल्ला, तो कुठे विकला? आमच्याकडे तेव्हा भाव होता शेकडा बाराशे. चारशे पेंढ्यांचे झाले ४,८००. ते ज्वारीच्या जमेला धरले की २,००० चा तोटा जाऊन २,८०० चा नफा होतो. आणि ज्वारी बंद केली असती तर हाच कडबा पुढच्या उन्हाळ्यात विकत घ्यावा लागला असता, तोही टंचाईच्या भावाने. जे फुकट समजत होता तेच पुढच्या वर्षी रोख मोजून आणावं लागणार होतं.

मग कापसाकडे वळलो. भाऊने मजुरांची मजुरी लिहिली होती, पण बायको आणि सून किती दिवस राबल्या ते लिहिलंच नव्हतं. टोळीवाल्या बाईने तिथेच बोटांवर मोजलं. निंदणी, खत देणं, चार वेचण्या मिळून दोघींचे एकरी ३४ दिवस. अडीचशे रुपये रोजाने ८,५०० रुपये. आप्पांनी दुकानाची बिलं मागितली. रोखीचा दर आणि उधारीचा दर यांतला फरक एकरी १,७०० निघाला. तो फरक म्हणजे व्याजच, फक्त त्याला व्याज म्हणत नाहीत. आता बेरीज करा. २४,००० अधिक ८,५०० अधिक १,७००, म्हणजे ३४,२००. हातात राहिले आठशे रुपये. अकरा हजाराचे आठशे झाले, आणि ते काही आम्ही खाल्ले नाहीत. ते तिथे कधी नव्हतेच.

त्या भाऊने तीन एकर ज्वारी ठेवली. दुकानात जाऊन बियाण्याची जादा पाकिटं नको म्हणून सांगून आला. आमच्या सांगण्याने तो श्रीमंत झाला असं काही नाही. एक मोठी चूक टळली, एवढं आम्ही म्हणू शकतो.

आता ही ३४,२०० रुपयांची रक्कम पाच क्विंटलने भागा. ६,८४० रुपये क्विंटल. सरकारने त्याच २०२४-२५ च्या हंगामासाठी कापसाचा खर्च धरला होता क्विंटलला ४,७४७ रुपये, आणि त्याच्या दीडपट म्हणून मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव जाहीर केला ७,१२१. हा ४,७४७ चा आकडा आला कुठून, ते समजून घ्या. केंद्र सरकारची उत्पादनखर्च मोजण्याची योजना १९७०-७१ पासून चालू आहे. ठरावीक गावगट निवडतात. प्रत्येक गटातून दहा शेतकरी घेतात, जमिनीच्या आकाराचे पाच वर्ग करून प्रत्येक वर्गातले दोन. त्यांच्या नोंदी वर्षभर घेतल्या जातात. ते आकडे दिल्लीला कृषिमूल्य आयोगाकडे जातात. हा आयोग १९६५ साली स्थापन झाला, आणि १९८५ पासून त्याच्या नावात ‘खर्च’ हा शब्दही आला. हे काम खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तो सगळ्या देशाचा सरासरी आकडा आहे. गुजरातेतला भिजवलेला कापूस आणि आपल्या मुरमाड जमिनीतला पावसाच्या भरवशावरचा कापूस एकाच तराजूत पडतो. खर्च एकराला होतो आणि भाव क्विंटलला मिळतो. पाऊस दडी मारून बसला आणि पाचाऐवजी तीनच क्विंटल आले, तर वेचणीची मजुरी थोडी वाचेल, नांगरटी, बियाणं, निंदणी तेवढीच राहील, आणि क्विंटलचा खर्च दहा हजारावर जाईल. सरासरीत हे दिसत नाही.

आणखी एक गंमत आहे. सरकारच्या त्या दीडपटीच्या हिशेबात हातचा खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी दोन्ही धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरत नाहीत, आपलं भांडण तिथे आहे. पण बघा, बायकोची मजुरी सरकारने धरली आणि नवऱ्याने धरली नाही. (इथे बायांच्या बाजूने जोराचा हशा.) हसा, पण घरी गेल्यावर आपली वहीही बघा.

उत्पादनखर्च हा शब्द आपल्या तोंडी रुळला तो १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आले, आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतीचा जमाखर्च मांडून दाखवला. पुढे सभांमधून आपण तो शब्द खूप गाजवला. पण स्वतःच्या घरचा उत्पादनखर्च किती, हे विचारलं की आपण वर्तमानपत्रातला आकडा सांगतो. मोर्चात तहसीलदाराने उलटा प्रश्न विचारला की गप्प बसतो. हा अनुभव आमचाही आहे.

आता आमच्या चुका सांगतो, कारण त्या तुम्हाला पुन्हा करायची गरज नाही.

पहिल्या वर्षी आम्ही गोल बसलो आणि तोंडी विचारत गेलो, तुझा निंदणीचा खर्च किती. पहिला बोलला तो आमच्यातला मोठा शेतकरी, विहीरवाला. त्याने जो आकडा सांगितला त्याच्या आसपासच पुढच्या आठ जणांनी सांगितला. दोघांनी तर वहीतला आकडा खोडून नवा लिहिला! मोठ्या माणसापुढे आपलं वेगळं कसं सांगायचं, हा आपला स्वभाव. त्या वर्षीचे सगळे हिशेब वाया गेले.

इंग्लंडमध्ये १९०६ साली प्लिमथ गावच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक पैज लागली होती. एक बैल दाखवला आणि कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल ते तिकिटावर लिहायला सांगितलं. आपल्याला ही गोष्ट ऐकायला बरी वाटणार नाही, पण मुद्दा हिशेबाचा आहे. शेतकरी, खाटीक, रिकामटेकडे, सगळ्यांनी तिकिटं घेतली. गॉल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने नंतर ती मागून घेतली आणि वाचता येणारी ७८७ तिकिटं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावली. बरोबर मधलं तिकीट होतं १,२०७ पौंडांचं. बैल भरला १,१९८ पौंड. शंभरात एकाचाही फरक नाही. हे जमलं याचं एक मोठं कारण असं की प्रत्येकाने आपला आकडा आपल्या तिकिटावर लिहिला होता, दुसऱ्याचं ऐकून नव्हे.

ते कळल्यापासून आम्ही चिठ्ठ्या करतो. वहीत ज्या आकड्याची शंका येते, त्यावर दहाही जण आपापला अंदाज न बोलता चिठ्ठीवर लिहितात, ज्याला लिहिता येत नाही त्याची नातवंडं लिहितात. मग चिठ्ठ्या ओळीने लावायच्या. मधल्या चिठ्ठीच्या आसपास बहुतेक असतील तर तो आकडा धरायचा. पण कधी कधी पाच चिठ्ठ्या एका टोकाला आणि पाच दुसऱ्या टोकाला पडतात. तिथे मधला आकडा काढायचा नाही, तिथे विचारायचं. आमच्याकडे फवारणीच्या खर्चावर असं झालं होतं. विचारल्यावर कळलं, पाच जण पंप भाड्याने आणतात आणि पाच जणांचा घरचा आहे, त्यांनी त्याचा पैसाच धरला नव्हता.

दुसरी चूक जास्त वाईट होती. पहिल्या वर्षी आम्ही कर्जाचं पानही वाचायला लावलं. एका घराचं सावकाराचं देणं सगळ्यांसमोर आलं. ऐकणारे नऊच होते, पण आठ दिवसांत ते गावभर झालं, आणि त्या घरच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. तो माणूस त्यानंतर बैठकीला आला नाही. आजही येत नाही. रस्त्यात भेटला तर राम राम करतो, बस. त्याची जागा आम्ही दुसऱ्या घराने भरली, पण ती भरली असं म्हणणं खरं नाही. तेव्हापासून कर्जाचं पान वेगळं असतं. ते फक्त आप्पा बघतात, तेही ज्याला दाखवायचं असेल त्याचंच.

वही कशी ठेवायची ते थोडक्यात सांगतो. तारीख, काम, कोणी केलं, किती दिवस, किती पैसे. घरचं माणूस असेल तरी दिवस लिहायचे. जो आकडा नक्की माहीत नाही त्याला गोल करायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं कुठे बोट ठेवायचं. दुबार पेरणी झाली तर दोन्ही वेळचं बियाणं लिहायचं, पहिलं वाया गेलं म्हणून सोडायचं नाही. पाऊस पडला ते दिवसही लिहा.

एका गोष्टीवर आमचं अजून भांडण चालू आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड खर्चात धरायचा की नाही? निम्मे म्हणतात, जमीन बापजाद्यांची, तिचं भाडं कोणाला द्यायचं? उरलेले म्हणतात, तीच जमीन दुसऱ्याला दिली असती तर घरी बसून पैसे आले असते, ते गेले कुठे? दोन बैठका यावर गेल्या. म्हणून आता प्रत्येक वहीत शेवटी दोन बेरजा असतात, खंड धरून एक आणि न धरता एक.

पहिल्या दोन वेचण्या झाल्या की आमच्या गावी मारुतीच्या पारावर पुढचं वाचन आहे. ज्यांना बघायचं आहे त्यांनी मेळावा संपल्यावर आम्हाला भेटा, दिवस सांगतो. वही नसेल तर दुकानाची बिलं आणि काट्याच्या पावत्या पिशवीत घालून आणा. आणि एकटे येऊ नका. निंदणी-वेचणीचे दिवस ज्यांना पाठ आहेत त्यांनाही घेऊन या.