शेळीपुढे कोणता पाला टाकू नये?



शेळीला गरिबाची गाय म्हणतात. अडीनडीला ती विकून औषधपाणी होते, मुलांची वह्या-पुस्तके येतात. म्हणून तिच्या पुढ्यात काय पडते, ते आपण नीट पाहिले पाहिजे.

रानात मोकळी चरणारी शेळी शहाणी असते. वास घेते, एक पान खाते, दुसरे सोडते. पण दाव्याला बांधलेली शेळी काय करील? आपण टाकू तोच तिचा चारा. त्यातून उन्हाळा असला, पोट रिकामे असले, की ती नको तेही खाते. म्हणजे पुष्कळदा विष आपल्याच हातून जाते बघा. तीन झाडे आज ओळखून ठेवा.

पहिली घाणेरी. हिला टणटणीही म्हणतात. ही बांधावर, कुंपणात वाढते. फुले रंगीबेरंगी. पान खरखरीत, चोळले की उग्र वास येतो. हिने जनावराचे यकृत बिघडते. यकृत म्हणजे आपण कलेजी म्हणतो ते. मग शेळी चारा सोडते, लेंड्या अडतात, डोळे पिवळे पडतात. उन्हात बांधली तर नाक-कान भाजल्यासारखे होतात.

दुसरी कण्हेर. ही देवळापाशी, अंगणात असते. थोडी पाने पोटात गेली तरी हृदय बंद पडते. पाने वाळली तरी विष जात नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नका, पुरून टाका.

तिसरी बेशरम. ही ओढ्याकाठी, कालव्याकाठी माजते. फुले कर्ण्यासारखी, फिकट जांभळी. भर उन्हाळ्यात ती हिरवी राहते, तोच धोका. शेळीला तिची चटक लागते. विष हळूहळू भिनते. शेळी खंगते, थरथरते, चालताना झोकांड्या खाते.

मग करायचे काय? पाला आणायला मुले जातात, तर आधी मुलांना ही झाडे दाखवा. भारा सोडून पाहा, मगच टाका. शेवरी, हादगा, बोर, बाभूळ यांचा पाला चांगला.

शंका आली तर पुढचा पाला लगेच उचला. शेळी सावलीत बांधा. त्याच पाल्याची एक डहाळी घेऊन जनावरांच्या डॉक्टरांना गाठा. जबरदस्तीने तेल किंवा काढा पाजू नका. तो फुप्फुसात गेला तर शेळी त्यानेच दगावेल.

घाणेरी, कण्हेर, बेशरम. आता तुम्हाला लिहिता येते. ही तीन नावे आज गोठ्याच्या दारावर खडूने लिहा. पाला आणणाऱ्याच्या नजरेस ती रोज पडतील.