उडालेला जांभळा रंग

सन २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही उभयतां न्यूयॉर्क येथें आमच्या कन्येकडे राहावयास गेलों होतों. तेथील वनस्पति-उद्यानांत नुकतेंच, २४ मे रोजीं, व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराच्या फुलांवर आधारलेलें एक प्रदर्शन उघडलें होतें. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्हांला चित्रें आवडतात, आईला झाडें. एकाच फेरींत दोघांचें काम होईल." तेव्हां एके सकाळीं ग्रँड सेंट्रल स्थानकावर गाडींत बसून आम्ही ब्राँक्स भागांतल्या त्या उद्यानाशीं उतरलों.

उद्यान मोठें आहे, अडीचशें एकरांचें. त्याची स्थापना १८९१ सालची, म्हणजे व्हॅन गॉग वारला त्याच्या पुढच्याच वर्षाची. १९०२ सालीं उघडलेलें तेथील काचगृह हें प्रदर्शनाचें मुख्य स्थान होतें.

खरें सांगावयाचें तर प्रथम माझा विरसच झाला. हिरवळीवर माणसाहून उंच अशीं कृत्रिम सूर्यफुलें उभीं केलेलीं. आंत चित्रांतल्या फुलदाण्यांचीं प्रचंड शिल्पें. मुलें त्यांच्या भोंवतीं आनंदानें धांवत होतीं आणि मोठीं माणसें छायाचित्रें काढण्यांत गुंग होतीं. त्यांच्या आनंदाला नांव ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. पण चित्रांतलें फूल लहान असतें म्हणूनच आपण त्याच्या जवळ जातों. तेंच डोक्यावर उंच उभें केलें कीं आपण दोन पावलें मागें सरतों. असें कांहींसें मनाशीं पुटपुटत मी पुढें चाललों असतां मंडळी मागें राहिली असल्याचें माझ्या ध्यानांत आलें. मागें वळून पाहतों तों ती आयरिसच्या एका वाफ्यापाशीं उभी.

आयरिसला आपल्याकडे रूढ नांव नाहीं. तलवारीच्या पात्यांसारखीं उभीं पानें, मधून निघालेला दांडा, आणि त्यावर तीन पाकळ्या वर व तीन खालीं लोंबणाऱ्या, असें तें फूल असतें. सौ. मला म्हणाली, "अहो, हीं तर चांगलीं जांभळीं आहेत. मग आपल्या दिवाणखान्यांतल्या चित्रांत निळीं कशीं?"

आमच्या पुण्याच्या घरीं व्हॅन गॉगच्या आयरिसच्या चित्राची छापील प्रत वीस वर्षें भिंतीवर आहे. मूळ चित्र १८८९ सालचें. आज तें लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयांत आहे. निळ्या फुलांच्या गर्दींत एकच पांढरें फूल. त्या वर्षीं ८ मे रोजीं हा चित्रकार आपण होऊन फ्रान्समधील सां-रेमी येथील मनोरुग्णालयांत दाखल झाला, आणि एक-दोन दिवसांतच त्यानें भावाला कळविलें कीं, येथील बागेंतल्या जांभळ्या आयरिसचें चित्र हातीं घेतलें आहे. त्यानें स्वतः जांभळ्या म्हटलें आहे! आम्ही मात्र वीस वर्षें तीं निळीं समजून पाहत आलों.

याचें कारण रंगांत आहे. जांभळा करण्यासाठीं तो निळ्यांत एक तांबडा रंग मिसळी; त्यास जिरेनियम लेक म्हणतात. हा तांबडा इओसिन नांवाच्या कृत्रिम रंजकद्रव्यापासून होतो. लाल शाईंतहि हेंच द्रव्य वापरीत असत. हळदीचा डाग उन्हांत वाळत घातला कीं नाहींसा होतो, हें आपल्या घरांतील गृहिणींस सांगावयास नको. इओसिनचेंहि तसेंच आहे. निळा खनिजाचा, म्हणून टिकतो. प्रकाशानें तांबडा उडून जातो आणि जांभळ्याचें निळें होतें. इओसिनमध्यें ब्रोमीन हें मूलद्रव्य असतें, म्हणून क्ष-किरणांनीं ब्रोमीनचा माग काढून तांबडा कोठें कोठें होता हें आतां ठरवितां येतें. गेटी संग्रहालयानें २०२४ सालीं या शोधावर स्वतंत्र प्रदर्शनच भरविलें.

हें सर्व मला अगदींच नवें होतें असें नव्हे. दहा वर्षांपूर्वीं, २०१५ सालीं, याच शहराच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत चित्रकारानें मे १८९० मध्यें, मनोरुग्णालय सोडण्याच्या सुमारास, काढलेलीं चार पुष्पचित्रें एकत्र मांडलीं होतीं: दोन आयरिसचीं, दोन गुलाबांचीं. तीं मीं पाहिलीं होतीं. त्यांतील एका आयरिसच्या चित्राची पार्श्वभूमि मुळांत गुलाबी होती. जांभळा आणि गुलाबी यांचा मृदु मेळ साधावा हा त्याचा हेतु होता, असें त्याच्या पत्रावरून कळतें. आज तेथें पांढऱ्यावर निळें आहे. गुलाबहि जवळजवळ पांढरे झाले आहेत. रंग ओले होते म्हणून हीं चित्रें मागें ठेवून तो निघाला. तीं जूनच्या अखेरीस त्याच्या हातीं पोंचलीं, आणि २९ जुलै रोजीं तो गेला. पांढऱ्या झालेल्या त्या पार्श्वभूमीचें आयरिसचें चित्र पुढें त्याच्या आईजवळ होतें. १९०७ सालीं ती वारली तोंपर्यंत तें तिच्याकडे होतें. तिनें तें गुलाबी असतांना पाहिलें असेल काय, हा विचार तेव्हांहि मला शिवला होता. पण वाचलेलें डोक्यांत राहतें, डोळ्यांत उतरत नाहीं. तें उतरविण्यास तो वाफा लागला, आणि सौ.चा प्रश्नहि.

आणखी एक गोष्ट. हे रंग टिकाऊ नाहींत हें चित्रकारास ठाऊक होतें. चित्रेंहि फुलांसारखीं कोमेजतात, अशा अर्थाचें त्यानें भावाला लिहिलें आहे. म्हणून हे रंग प्रथम भडक लावावेत, काळ त्यांना सौम्य करील, असा त्याचा हिशेब होता. हिशेब थोडा चुकला. सौम्य होण्याऐवजीं एक रंग नाहींसाच झाला.

काचगृहांतून परत येतांना मीं तीं भलीं मोठीं शिल्पें पुन्हां पाहिलीं, तेव्हां तितका राग आला नाहीं. त्यांच्या शेजारीं खरीं फुलें लावणाऱ्या माळ्यांनीं, कदाचित् नकळत, कॅनव्हासवरून नाहींसें झालेलें कांहीं आमच्या पुढें ठेवलें होतें. त्याच वाफ्यांत एक बाई वाळलेलीं फुलें खुडून टोपलींत टाकीत होती. एक फूल दोन-तीन दिवसांचें. त्याच दांड्यावर खालची कळी मग उमलते. सौ. तिच्याशीं खुणांनींच बराच वेळ बोलत राहिली.

पुण्यास परतल्यावर तिनें दिवाणखान्यांतल्या त्या छापील प्रतीकडे नीट पाहिलें. पश्चिमेच्या खिडकींतून दुपारीं त्यावर ऊन येतें. "निदान हें तरी उन्हांतून हलवा," ती म्हणाली. चित्र आतां आंतल्या खोलींत, पुस्तकांच्या कपाटाशेजारीं आहे.