हार्बर आणि पोर्ट

कोकणातलं मिरकरवाडा काय, जयगड काय, आपल्या तोंडी दोन्ही बंदरंच. इंग्रजी मात्र पहिल्याला फिशिंग हार्बर म्हणते आणि दुसऱ्याला पोर्ट.

हार्बर म्हणजे आडोशाचं पाणी. तो आडोसा निसर्गाने दिलेला असेल, नाहीतर मिरकरवाड्यासारखी लाटा अडवणारी भिंत बांधून केलेला. होडी तिथे वारा-लाटांपासून सुरक्षित राहिली, की हार्बरचं काम झालं. पोर्टला तेवढं पुरत नाही. तिथे व्यवहार हवा: माल चढणं-उतरणं, गोदामं, कस्टम्सची कचेरी. शास्त्री नदीच्या मुखाशी असलेल्या जयगडला कोळशाची जहाजं लागतात, म्हणून ते पोर्ट. मासळीचा लिलाव हाही व्यवहारच की, असं कुणी म्हणेल. पण मच्छीमार बंदरांना हार्बर म्हणायची रूढीच आहे.

पोर्टला समुद्रही लागत नाही. विमानांचं एअरपोर्ट असतं. जालन्यात तर ड्राय पोर्टचा प्रकल्प आहे. हार्बर मात्र आसऱ्याला धरून राहतं. म्हणूनच जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २१२ मध्ये गुन्हेगाराला लपवून ठेवण्याला ‘हार्बरिंग’ म्हटलं होतं.