मद्यपी चालक आणि कायद्याची मर्यादा

ब्रिटनमध्ये 1967 च्या रस्ता सुरक्षा कायद्याने वाहनचालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅमपर्यंतच मद्यार्क, म्हणजे दारूतील नशा आणणारा घटक, चालेल असे ठरवले. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही मर्यादा पुढेही कायम राहिली, तर स्कॉटलंडने 5 डिसेंबर 2014 पासून ती 50 मिलिग्रॅमवर आणली. या बदलानंतर अपघात घटतील ही अपेक्षा मात्र फोल ठरली, कारण ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी इंग्लंड-वेल्सशी तुलना केली असता अपघातांच्या प्रमाणात घट आढळली नाही, आणि त्यांनी अपुऱ्या अंमलबजावणीकडे बोट दाखवले, जे पटण्याजोगे आहे.

ब्रिटनमध्ये पोलीस कोणतेही वाहन थांबवू शकत असले, तरी श्वासचाचणीसाठी, म्हणजे फुंकरीतून मद्यार्क मोजण्यासाठी, मद्यपानाचा वाजवी संशय, वाहतूक नियमाचा भंग किंवा अपघात यांपैकी एखादे कारण लागते. झोकांड्या खाणाऱ्या गाडीची माहिती 999 या क्रमांकावर कळवणाऱ्या नागरिकाचे महत्त्व इथेच आहे. त्याचा दूरध्वनी पुरावा ठरत नाही (आणि ठरूही नये), पण चौकशीला दिशा देतो.

भारतातील मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 मधील मर्यादा 30 मिलिग्रॅम, म्हणजे स्कॉटलंडहूनही कडक आहे. येथे असा प्रकार दिसल्यास 112 हा आपत्कालीन क्रमांक उपलब्ध असून, शक्य असल्यास वाहनाचा क्रमांक, ठिकाण आणि दिशा सांगावी, पाठलाग करू नये.