खिशातले दूरदर्शन



अंधेरी स्थानकात गाडी उशिरा येणार असली, तर ध्वनिक्षेपकावरून ते एकदाच सांगतात. तेच प्रत्येक उतारूच्या कानाशी जाऊन सांगावयाचे ठरले, तर केवढी माणसे ठेवावी लागतील! मोबाइलवर क्रिकेट पाहताना आज बहुधा हेच घडते. बोरिवलीच्या एका डब्यात पन्नासजण एकच सामना पाहत असले, तरी चित्र पन्नास वेळा स्वतंत्र पाठवावे लागते.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईत दूरदर्शन आले, तेव्हा ही अडचण नव्हती. वरळीचा मनोरा दहा घरांसाठी जेवढी वीज खाई, तेवढीच लाख घरांसाठी. मग तीच युक्ती मोबाइलला का लागू पडू नये? फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने मुंबईसह 16 शहरांत तसा प्रारंभ केलाही. परंतु त्यासाठी मोबाइलला वेगळे यंत्र जोडावे लागे. ते लोंबकळवीत विरार गाडी कोण पकडणार? त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि त्या यंत्राची कोणाला आठवणही राहिली नाही.

खरी मेख लहरींच्या लांबीत आहे. या कामासाठी पुढे सुचविलेल्या, 526 ते 582 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहर अर्ध्या मीटरहून थोडी लांब. मोबाइल मात्र वीतभर. शिवाय पूर्वीची अँटेना गच्चीवर वरळीकडे तोंड करून निश्चल उभी असे. मोबाइल असतो लोखंडी डब्यात, धावता, घाटकोपरच्या टेकडीआड. म्हणून एका उंच मनोऱ्यावर भागत नाही. एकाच लहरीवर, एकाच ठेक्यात बोलणारे अनेक लहान मनोरे हवेत.

त्यांचा खर्च कोणी द्यावा? अमेरिकेत मीडियाफ्लो ही सेवा 2007 साली महिन्याची वर्गणी घेऊन निघाली आणि 2011 साली बंद पडली. जपानात 2006 पासून ती फुकट मिळाली, ग्राहक यंत्र मोबाइलमध्येच बसविलेले आले, म्हणून तिथे लोकांनी ती वापरली. आपल्याकडे मोबाइल बनविणारे म्हणतात, किंमत वाढेल. दूरध्वनी कंपन्यांना तर आपलाच गिऱ्हाईक जाण्याची धास्ती. त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही, धंदाच आहे तो.

पण 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइल लागेनात. एकतर्फी प्रक्षेपणाला ऐकणाऱ्यांची गर्दी बाधत नाही. मनोऱ्याला वीज तेवढी हवी. केवळ क्रिकेटसाठी असते, तर आम्ही हा खर्च कंपन्यांवर सोडला असता. पुराच्या सूचनेसाठी मात्र तो, अग्निशामक दलाचा होतो तसा, सार्वजनिक तिजोरीतून व्हावा.