फीत कोणाची टिकली?



आमच्या लहानपणी, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर, वर्गणी काढून व्हिडिओ भाड्याने आणीत आणि रात्रभर चित्रपट पाहत. यंत्र कोणत्या जातीचे, हे कोणी विचारीत नसे. फीत मिळाली म्हणजे झाले!

उत्तर यातच आहे. सोनीने १९७५ साली बेटामॅक्स काढले. चित्र सरस असा लौकिक. पण पहिली फीत तासाभराची. तीत चित्रपट मावेना! शिवाय नमुना पक्का करूनच तो इतरांपुढे ठेवला. १९७६ साली जेव्हीसीचे व्हीएचएस आले, ते दोन तासांचे. त्यांनी अनेक कारखानदार सोबत घेतले. यंत्रे वाढली, म्हणून दुकानात फिती वाढल्या. फिती मिळतात, म्हणून गिऱ्हाईक वाढले. १९८८ साली खुद्द सोनी व्हीएचएस यंत्रे विकू लागली.

आम्हीही एकदा मागण्यांचा मसुदा एकट्यानेच पक्का केला आणि मग दुसऱ्या युनियनला म्हटले, 'सही करा.' मसुदा चोख होता. संप फसला. मजुरी कामगारांची बुडाली, आमची नव्हे.

विजयही कायमचा नसतो. २०१६ साली फुनाईने व्हीएचएस यंत्रे बनविणे थांबविले. घरी लग्नाच्या फिती असतील, तर वेळीच उतरवून घ्या.